पाच नंबरचा बिल्ला

आक्काच्या घरी पाणी मागितलं की ते लगेच मिळत नाही. ती पेला विसळते, खिडकीशी जाते, उजेडात धरून एकदा फिरवते, कडेवरून अंगठा नेते आणि मग पाणी भरते. तिची सासू म्हणते, "पाहुणा तहानेनं मेला तरी चालेल, पेला मात्र धड हवा." आक्का हसत नाही आणि चिडतही नाही. पाणी देते आणि पेला रिकामा होईपर्यंत त्याच्याकडेच बघत राहते.

ती माझ्या वरच्या मजल्यावर राहते. लहानपणी माझ्याच वर्गात होती. मी तेव्हा शाळेत शिकवायचे, म्हणून ती अजून मला 'बाई'च म्हणते. अभ्यासात बेताची. पण वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की हिच्या पेन्सिलीचे दोन तुकडे व्हायचे, आणि छोटा तुकडा हिच्याकडे राहायचा. मी एकदा म्हटलं होतं, "अगं, देशील तर निदान छोटा दे." त्यावर ती म्हणाली, "बाई, छोट्यानं त्याला लिहिता येत नाही." तो स्वभाव पुढे तिला किती महाग पडला, तेच सांगायचं आहे.

शाळा सुटल्यावर ती बाटल्यांच्या कारखान्यात लागली आणि तिथंच तिचे केस पांढरे झाले. कारखान्यात औषधाच्या बाटल्या बनतात. भट्टीतून निघालेल्या बाटल्या थंड होऊन एका सरकत्या पट्ट्यावरून येतात, आणि एका जागी पट्टा पांढऱ्या, आतून उजळलेल्या काचेसमोरून जातो. तिथं बायका बसतात. त्यांचं काम फक्त बघण्याचं. तडा, बुडबुडा, वाकडी मान दिसली की बाटली उचलायची आणि मागच्या पिंपात टाकायची. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या उजेडाकडे सतत बघितलं की डोळे दगड होतात. समोरून बाटली जाते, दिसते, आणि तरी दिसत नाही. म्हणून जागा चार आणि बायका पाच. अर्धा तास झाला की एकीनं उठायचं, मागच्या बाकावर डोळे मिटून बसायचं, आणि विश्रांती संपलेलीनं तिची जागा घ्यायची.

प्रत्येकीला पत्र्याचा एक बिल्ला होता, त्यावर नंबर. आक्काचा एक. सकाळी दारातल्या फळीवरून बिल्ला उचलला की हजेरी लागली. पट्ट्यावर बसताना तो आपल्या डोक्यावरच्या खिळ्याला अडकवायचा, म्हणजे मुकादमाला लांबूनच कळावं की कुठल्या जागी कोण आहे. बाटल्यांत काही गडबड दिसली तर बाजूला लाल दोरी होती. ती ओढली की पट्टा थांबायचा. मुकादम यायचा, खिळ्यावरचा नंबर मोठ्यानं वाचायचा आणि तसा वहीत लिहायचा. वर्षानुवर्षं हीच रीत.

आणि याच रीतीच्या पोटात बायकांनी आपली एक रीत घातली होती. एखादीच्या घरी कुणी आजारी असलं, कुणाला बाळंतपणाला न्यायचं असलं, की ती यायची नाही, पण तिचा बिल्ला यायचा. दुसरी कुणी दोन बिल्ले उचलायची. मग ज्या बाईची विश्रांतीची पाळी असेल ती उठायचीच नाही. आपला बिल्ला खिशात टाकायची, गैरहजर असलेलीचा खिळ्याला लावायची आणि तिथंच बसून राहायची. लांबून बघणाऱ्याला दिवसभरात पाचही नंबर पाळीपाळीनं पट्ट्यावर दिसायचे. चौघींचे डोळे जळायचे, पण एकीचा रोज बुडायचा नाही. मुकादम आंधळा नव्हता. काम होतंय ना, मग तो घड्याळाकडे बघायचा. बायका त्याला पाठीमागे 'घड्याळ' म्हणायच्या.

ही रीत सुरू केली होती आक्कानंच. दुसरं कोण करणार?

पाच नंबरवर शेवटी आलेली होती धाकटी. नात्यानं ती आक्काची कुणी नव्हे, पण पट्ट्यावर वयानं सगळ्यांत लहान म्हणून सगळ्या तिला धाकटी म्हणायच्या, आणि ती आक्काच्या शेजारी बसायची म्हणून खरीच धाकटी बहीण असल्यासारखी तिच्यावर रुसायची. नवरा बांधकामावरून पडल्यापासून घरात बसलेला, आणि एक मुलगी, जिला धाप लागायची. धाप लागली की ती पोर खिडकीच्या गजांना धरून उभी राहायची आणि तिच्या गळ्याखालचा खळगा आत जायचा. आक्का मला सांगायची, "बाई, बघवत नाही. असं वाटतं आपणच तिच्यासाठी श्वास घ्यावा."

धाकटीची जीभ तिखट होती. कामाला लागली त्या आठवड्यात तिनं विचारलं होतं, "आक्का, दिवसभर बाटल्या बघून बघून घरी नवराही बाटलीसारखा दिसतो का गं?"

"दिसतो की," आक्का म्हणाली होती. "पण त्याला पिंपात टाकता येत नाही."

त्या दिवशी सकाळी धाकटीचा निरोप आला, पोरीला घेऊन दवाखान्यात चाललेय. आक्कानं फळीवरून दोन बिल्ले उचलले, एक आपला आणि एक पाच नंबरचा. दुपारच्या आधी तिची विश्रांतीची पाळी आली. तिनं एक नंबर खिशात टाकला, पाच नंबर खिळ्याला लावला आणि बसून राहिली.

आणि मग तिला ते दिसलं. तडा तसा दिसत नाही म्हणे, चमकतो. बाटली पुढे सरकताना तोंडाच्या कडेला केसाएवढी एक रेघ चमकली आणि विझली. तिनं बाटली उचलली. पुढची ठीक होती. त्यापुढच्या बाटलीत तीच रेघ, त्याच जागी. मग आणखी एकीत. कडेवरून अंगठा फिरवला तर काचेची बारीक भुकटी बोटाला लागली. म्हणजे भट्टीकडच्या एखाद्या साच्यातच खोट होती, आणि सकाळपासून जेवढ्या बाटल्या पुढे गेल्या त्यांत ही भुकटी होती. औषध भरलं की ती औषधात आणि तिथून कुणाच्या तरी पोटात.

तिनं लाल दोरी ओढली.

पट्टा थांबला की कारखान्यात एकदम शांतता होते, माणसाला आपलेच कान ऐकू येतात असं ती सांगते. घड्याळ धावत आला. सवयीनं खिळ्याकडे बघितलं आणि ओरडला, "पाच नंबरनं पट्टा थांबवला." मग खाली बसलेल्या माणसाकडे बघितलं. तिथं आक्का होती. त्यानं पुन्हा खिळ्याकडे बघितलं. ओरडून झालं होतं, आता परत काय ओरडणार? वहीत तसंच लिहिलं.

"आता धाकटीला न येताच पट्टा थांबवल्याचं बक्षीस मिळतंय," एक बाई पुटपुटली आणि बाकीच्या हसल्या. आक्काही हसली. त्या वेळी त्यात हसण्याजोगंच होतं.

सकाळपासूनचा सगळा माल फोडून परत भट्टीत घालावा लागला. औषधवाल्यांची गाडी रिकामी गेली. संध्याकाळी साहेब खाली आले. त्यांनी वही मागितली नाही, तोंडानं विचारलं, "कुणी थांबवला?" घड्याळानं आक्काकडे बोट केलं.

साहेब आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. म्हणाले, "एवढी काळजी होती तर वर येऊन मला सांगायचं. दोरी ओढायची घाई कशाला?"

"साहेब, मी वर येऊन सांगेपर्यंत पट्टा थांबतो थोडाच?"

साहेबांनी मान हलवली आणि गेले. तिला वाटलं, पटलं त्यांना.

दुसऱ्या आठवड्यापासून तिला पट्ट्यावरून काढून खोकी बांधायला लावलं. मग पट्ट्यावर एक यंत्र आलं, बाटल्यांची बुडं तपासणारं. तोंडं बघायला बायका होत्याच. आणि मग एक दिवस तिला वर बोलावून सांगितलं की यंत्र आल्यामुळे पट्ट्यावर आता चौघीच पुरेत, तेव्हा एक जागा कमी करतो आहोत. कपात. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही, मनाला लावून घेऊ नका.

"पण मीच का?" तिनं विचारलं. "सगळ्यांत जुनी मी."

"म्हणूनच," साहेब म्हणाले. "डोळेही थकले असतील आता."

खाली आल्यावर तिनं घड्याळाला विचारलं, "मुकादम, चौघींत कसं भागणार हो? डोळ्यांना विश्रांती नको?"

घड्याळ तिच्या नजरेला नजर देत नव्हता. "चौघींत भागतं, हे तुम्हीच दाखवून दिलंत ना, आक्का. इतकी वर्षं."

घरी आली ती थेट खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिचा नवरा शिंपी आहे. बाहेरच्या खोलीत त्याचं मशीन असतं आणि तो लोकांचे कपडे लहान-मोठे करून देतो. त्यानं विचारलं, "अगं, आज इतक्या लवकर?" ती म्हणाली, "कपात झाली." त्याला आधी वाटलं कुणाच्या तरी कपड्याबद्दल बोलतेय.

सासू आतून म्हणाली, "लोकांच्या भानगडीत नाक घालायला कुणी सांगितलं होतं? बाटल्या त्यांच्या, औषध त्यांचं, पिणारे कोण कुठले. तू का दोरी ओढलीस?"

"आई, तुम्ही पण खोकल्याचं औषध घेताच ना."

"मी मरायलाच टेकलेय. माझं काय."

तिला वकिलाकडे मीच घेऊन गेले. माझ्या ओळखीचे होते, जिन्याखालच्या एका अरुंद खोलीत बसायचे, टेबलावर कागदांपेक्षा चहाचे पेले जास्त. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "हे बघा, कपात हा गुन्हा नाही. मालकाला माणसं कमी करता येतात. तुम्ही जुन्या आहात, प्रामाणिक आहात, तुमच्यावर घर चालतं, ही सगळी दुःखाची गोष्ट आहे, पण कोर्टात तिला वजन नाही. कोर्ट एवढंच विचारेल, काम संपलं म्हणून तुम्हाला काढलं, का तुम्हाला काढायचं होतं म्हणून काम संपवलं?"

"मला काढायचं होतं," आक्का म्हणाली.

"कशावरून?"

"मी पट्टा थांबवला म्हणून."

वकील पहिल्यांदाच जरा पुढे झुकले. "बरं. खराब माल जाताना तुम्ही थांबवलात, त्याचा राग धरून तुम्हाला खोक्यांवर टाकलं आणि मग कपातीच्या नावाखाली घालवलं. हे दाखवता आलं तर ती कपात राहत नाही. मग तो सूड होतो, आणि सुडाला दाद मागता येते. पट्टा तुम्ही थांबवलात याची कुठं तरी नोंद असेलच ना?"

"असेल की. मुकादम लिहितो."

त्या क्षणी तिला पाच नंबर आठवला नाही, हे मी शपथेवर सांगेन. इतकी वर्षं बिल्ले अदलाबदल करून तिला ते लुगडं नेसण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. आपण कुणाचा नंबर खिळ्याला लावला होता, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. परत येताना जिन्यावर ती मला म्हणाली, "बाई, परत पट्ट्यावर बसायला मिळालं ना, तर मी विश्रांतीच घेणार नाही." तिला नुसती नोकरी परत नको होती. आपण दोरी ओढली हे बरोबर होतं, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, असं तिला वाटत होतं.

दावा लागला. कारखान्याचं उत्तर आलं. वकिलांनी आम्हाला बोलावलं आणि या वेळी चहाही विचारला नाही.

"त्या दिवशी पट्टा पाच नंबरनं थांबवला असं ते म्हणतात. पाच नंबर अजून कामावर आहे, तिला कुणी बोट लावलेलं नाही. मग पट्टा थांबवल्याचा सूड आम्ही एक नंबरवर का उगवू, असं त्यांचं म्हणणं आहे. आणि ते म्हणणं चांगलं आहे." त्यांनी चष्मा काढला आणि आक्काकडे बघितलं. "बाई, तुम्ही मला खोटं सांगितलंत का?"

आक्काचा हात आपोआप पदराखालच्या खिशाकडे गेला, जिथं पूर्वी बिल्ला असायचा. मग तिनं सगळं सांगितलं.

वकिलांनी बराच वेळ कपाळ चोळलं. "म्हणजे साहेबाला माहीत आहे, मुकादमाला माहीत आहे, पट्ट्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. आणि बोलायला कुणीच नाही. मुकादम बोलला तर त्यानं खोटी हजेरी चालवून घेतली असं ठरतं. बायका बोलल्या तर त्याही अडकतात." त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला. "एकच वाट आहे. त्या दिवशी पाच नंबर दवाखान्यात होती. दवाखान्यात त्याची नोंद असणार, ती मला मागवता येईल. तुम्ही फक्त कुठला दवाखाना ते सांगा."

"मग तिचं काय होईल?"

"तिचं मी कसं सांगू? मी तुमचा वकील आहे."

"तरी सांगा."

"हजर नसताना पगार घेतला. तिला काढतील, आणि ते काढणं अगदी कायदेशीर असेल."

आक्का म्हणाली, विचार करून सांगते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी धाकटी आली. मी शिंप्याकडे बाही सैल करायला दिलेला झंपर आणायला वर गेले होते, म्हणून मी तिथं होते. दारात चपला काढताना ती एवढा वेळ लावत होती की सासूला राहवलं नाही. "ये, ये. पाणी देऊ? आमच्याकडे पेला तपासतात. माणसं तपासायची राहून जातात."

धाकटी कडेला बसली. म्हणाली, "आक्का, कंपनीनं मला साक्षीला बोलावलंय. त्यांच्या बाजूनं."

"काय सांगणारेस?"

"लिहिलंय तेच. पाच नंबरनं थांबवला. पाच नंबर मी."

शिंप्यानं मशीन थांबवलं. "आणि खरं कुणी थांबवला?"

"भावजी, मला माहीत नाही का? मी काय झोपेत आहे?" ती आक्काकडे वळली. "आक्का, खरं बोलले तर मी चोर ठरते. मला घालवतील, आणि त्या घालवण्याला कुठल्याही कोर्टात दाद नाही. तुझं निदान कोर्टापर्यंत तरी जातंय. तुला कपात म्हणून काढलं, बाहेर माणसं हळहळतात. मला चोर म्हणून काढतील. मग मला कोण उभं करील? घरी तो पडलेला आहे. पोरीचं औषध एक दिवस चुकवता येत नाही."

शिंप्यानं हातातला कपडा मशीनवर ठेवला.

"तुझ्या वकिलानं दवाखान्याचं विचारलं असेल," धाकटी म्हणाली. "तुला तर माहीत आहे. संध्याकाळी डबा घेऊन तूच आली होतीस. पोरीला मांडीवर घेऊन बसली होतीस."

"मग काय करू म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. मला म्हणायला तोंड नाही. फक्त सांगायला आले, की मी तसं सांगणार आहे. कोर्टात एकदम ऐकलं असतंस तर तुला वाईट वाटलं असतं."

आक्कानं उठून पेला विसळला, खिडकीशी नेला, पाणी भरून तिच्या हातात दिला. "बिल्ला मीच अडकवला होता," ती म्हणाली. "तू सांगितलं नव्हतंस."

धाकटी पाणी न पिताच उठली. ती गेल्यावर शिंपी म्हणाला, "दवाखान्याचं नाव सांग त्या वकिलाला. उद्याच सांग. तू तुझं घर कुणाच्या खिळ्याला टांगून ठेवलंयस?" तो कधी बायकोवर चढ्या आवाजात बोलत नाही. त्या दिवशीही चढ्या आवाजात नाही बोलला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. कोर्टाच्या तारखेपर्यंत आक्कानं कुणालाच उत्तर दिलं नाही. तिच्या मनात काय चाललंय हे तिच्या हातांवरूनच कळायचं. एकच पेला ती तीनतीनदा उजेडात धरायची.

कोर्टाची खोली लहान होती, वर एक पंखा करकरत होता. धाकटी धुऊन कडक वाळवलेले कपडे घालून आली होती. कंपनीच्या वकिलानं विचारलं, पट्टा कुणी थांबवला? मी. नंतर तुम्हाला कुणी रागावलं? नाही. कामावरून काढायची धमकी दिली? नाही. अजून त्याच जागेवर आहात? आहे. एकेक शब्द ती पिंपात बाटली टाकावी तसा टाकत होती. फक्त तिचा उजवा अंगठा समोरच्या लाकडी कठड्याच्या कडेवरून सारखा पुढेमागे फिरत होता. पट्ट्यावर बसलेल्या बायकांचा अंगठा असाच फिरतो. आक्कानं तिला ते शिकवलं होतं.

आमचे वकील उठले आणि साक्षीदाराकडे न जाता आक्काच्या कानाशी वाकले. "दवाखान्याचं नाव. आत्ता. अजून हातात आहे."

आक्का त्या अंगठ्याकडे बघत होती.

"तिला काही विचारू नका," ती म्हणाली.

"मग हरलो आपण."

"हो."

ते ताठ झाले आणि म्हणाले, मला प्रश्न नाहीत.

निकालात फार काही नव्हतं. कपात करण्याचा मालकाला हक्क आहे, यंत्र आलं हे खरं आहे, आणि अर्जदार बाईला राग धरून काढलं याला पुरावा नाही. न्यायाधीशांचंही मला चुकीचं वाटलं नाही. त्यांच्यासमोर जे ठेवलं तेवढंच त्यांनी बघितलं. समोरून जात असलेलं दिसतं आणि तरी दिसत नाही, हे काही फक्त बाटल्यांच्याच बाबतीत होतं असं नाही.

आक्कानं केलं ते बरोबर, असं मी म्हणणार नाही. शिंप्याच्या डोळ्यांखाली तेव्हापासून जी काळी वर्तुळं आली ती गेलेली नाहीत. आक्काला या वयात कुणी कामावर घेत नाही. ती नवऱ्याच्या शेजारी बसून बटणं लावते, काजं करते. आणि साहेब काही बुद्दू नव्हते. त्यांना पाच नंबरचा जेवढा उपयोग होता तेवढा कोर्टात करून घेतला, आणि निकाल लागल्यावर दारातली फळी काढून तिथं अंगठ्याचं यंत्र बसवलं. आता ज्याचा अंगठा त्याचीच हजेरी. पट्ट्यावरच्या चौघींना विश्रांतीची पाळी नाही आणि एकमेकींच्या जागी बसायची सोयही नाही. त्या बायका रस्त्यात भेटल्या की आक्काकडे न बघता पुढे जातात. कोर्टात गेली ती, आणि आमची सोय घालवली, असं त्या म्हणतात. शिंप्याकडे येऊनही एक म्हणून गेली, "गप्प बसली असती तर सगळ्यांचं चाललं असतं." आक्का तिचंच बटण लावत होती. दोरा दातानं तोडला आणि कपडा घडी करून दिला.

मग थंडी सुरू झाली आणि धाकटीच्या पोरीची धाप वाढली. पूर्वी बिल्ला गेला असता आणि धाकटी घरी राहिली असती. आता ते नव्हतं. एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली म्हणून मी दार उघडून बघितलं. धाकटी पोरीला कडेवर घेऊन वर जात होती. पोर मोठी आहे, कडेवर मावत नाही, पाय खाली लोंबत होते. आक्काच्या दारात तिनं पोरीला उभं केलं, औषधाची पिशवी उंबऱ्यावर ठेवली, दार वाजवलं आणि उतरून गेली. तिला भोंग्याच्या आत पोचायचं होतं.

आक्कानं दार उघडलं. पोरीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"आत घेऊ नकोस," सासू म्हणाली. "जिनं तुझ्या पोटावर पाय दिला, तिची पोर तू सांभाळणार?"

"पोरीनं कुठं साक्ष दिली, आई," आक्का म्हणाली आणि तिला खिडकीशी नेऊन बसवलं.

तेव्हापासून पोर तिथं असते. धाकटी संध्याकाळी येते, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहते, आत येत नाही. दोघी एकमेकींशी पोरीपुरतंच बोलतात. औषध दिलं. जेवली. दुपारी झोपली. परवा मी तिथं बसले होते तेव्हा आक्कानं धाकटीच्या हातात एक बाटली दिली, नवी, न उघडलेली.

"हे नाही दिलं हिला. शेजारून दुसरं आणून दिलं."

धाकटीनं बाटली जिन्यातल्या दिव्याकडे धरली आणि फिरवली. टोपणाच्या लगेच खाली, तोंडाशी केसाएवढी रेघ चमकली आणि विझली. माझ्यासारखीलाही दिसली, म्हणजे किती स्पष्ट असेल. धाकटीचा अंगठा टोपणाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. बाटलीच्या बुडाला कारखान्याची खूण होती.

"आता दोरी कुणी ओढत नाही, आक्का," ती हळूच म्हणाली.

आक्कानं पोरीच्या मफलरची गाठ सारखी केली, तिचा हात आईच्या हातात दिला.

"उद्या जरा लवकर आण हिला. सकाळी हिचा श्वास जड असतो."